लिंगावरचे बारीक दाणे: शरीराची ठेवण की चामखीळ?

लिंगाच्या पुढच्या गोलसर भागाला शिश्नमुंड म्हणतात. कातडी मागे सारली की त्याच्या कडेला, वयात येणाऱ्या बऱ्याच मुलांना, पांढुरक्या किंवा कातडीच्याच रंगाच्या बारीक दाण्यांची रांग दिसते. पहिली शंका येते ती गुप्तरोगाची. घरी विचारायची सोय नसते, मित्र हसतील अशी भीती असते, आणि स्टँडबाहेरच्या भिंतीवरची ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ ही जाहिरात मात्र समोरच असते. अशी रांग म्हणजे आजार नव्हे. लिंगावर उगवणारी चामखीळ मात्र संसर्गातून येते. या दोहोंतला फरक ठाऊक नसल्यामुळे निरोगी मुलं रात्र-रात्र जागतात आणि ज्यांनी दाखवायला हवं ते ‘जाईल आपोआप’ म्हणत बसतात.

या रांगेतल्या दाण्यांना डॉक्टर ‘पर्ली पेनाइल पॅप्युल्स’ म्हणतात. दाणा साधारण १ ते २ मिलिमीटरचा, गुळगुळीत, क्वचित केसाच्या टोकासारखा निमुळता. कडेने एक, दोन किंवा तीन ओळींत ते गोल फिरतात. खालच्या बाजूला कातडी शिश्नमुंडाला जोडणाऱ्या पातळ घडीजवळही दिसू शकतात. निरनिराळ्या पाहण्यांमध्ये १४ ते ४८ टक्के पुरुषांत ते आढळले आहेत, म्हणजे वर्गातल्या बाकांवर कितीतरी जणांना ते असणार, फक्त कुणी बोलत नाही. सुंता झालेल्यांत ते कमी दिसतात आणि वय वाढेल तसे पुसट होत जातात. स्वच्छता कमी पडली म्हणून किंवा हस्तमैथुन केलं म्हणून ते येत नाहीत. कोणाकडून लागत नाहीत, कोणाला लावताही येत नाहीत. उपचार नको. दिसणं फारच खुपत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ लेझरने काढू शकतात, पण माझ्या मते निरोगी कातडीवर तो खर्च आणि ती जखम कशाला?

चामखीळ ही एचपीव्ही या विषाणूची करणी. या विषाणूचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. जननेंद्रियावरच्या सुमारे ९० टक्के चामखिळी ६ आणि ११ या प्रकारांमुळे होतात. या दोन प्रकारांचा कॅन्सरशी सहसा संबंध नसतो. कॅन्सरचा धोका मुख्यतः १६ आणि १८ या प्रकारांचा. चामखीळ जागेचं बंधन पाळत नाही: दांड्यावर, पुढच्या कातडीच्या आत, लघवीच्या छिद्राशी, अंडकोषाच्या पिशवीवर, गुदद्वाराभोवती, कुठेही. सुरुवातीला एखादाच मऊसर उंचवटा असतो. पुढे त्याचा पृष्ठभाग खडबडीत होतो, शेजारी दुसरा उगवतो, आणि दुर्लक्ष केलं तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा झुबका होतो. दुखत सहसा नाही, आणि म्हणूनच लोक अंगावर काढतात.

आकारावरून फसगत होते, कारण सुरुवातीची चामखीळही दाण्याएवढीच असते. बघायचं ते दोन गोष्टींकडे. मांडणी कशी आहे, आणि गेल्या काही महिन्यांत काय बदललं? ओळीत, सगळे सारखे, वर्षभर तसेच: शरीराची ठेवण. वेडेवाकडे, लहानमोठे, नवे उगवणारे: डॉक्टरांना दाखवा. शंका उरली तर डॉक्टर डर्मोस्कोप या भिंगाच्या उपकरणातून बघून बहुतेक वेळा जागेवरच सांगतात. (स्त्रियांच्या योनिमुखाशीही असेच निरुपद्रवी सारखे दाणे असू शकतात आणि त्यांनाही चामखीळ समजून जाळलं जातं.)

दांड्यावर, कातडी ताणली की अधिक ठळक दिसणारे पिवळसर ठिपके म्हणजे तेलग्रंथी. त्याही निरुपद्रवी. मधोमध खळगा असलेला चकचकीत दाणा मोलस्कम या वेगळ्या विषाणूचा असतो. दुखरे पाण्याचे फोड, न दुखणारी जखम, रात्री वाढणारी खाज यांची गोष्ट निराळी आहे, आणि त्यात थांबू नये.

आता कळकळीने सांगतो. हाता-पायाच्या चामखिळीवर लावतात तो चुना-सोडा किंवा कुरूप काढायचं औषध इथं लावू नका. ही कातडी पातळ असते, भाजून जखम होते. व्हिनेगर लावून ‘पांढरं झालं म्हणजे चामखीळ’ ही घरगुती परीक्षाही नको, साधा दाह असला तरी कातडी पांढरी पडते. मेडिकलमधून मागून आणलेल्या स्टिरॉइडमिश्रित मलमानं चामखीळ बळावू शकते.

खऱ्या चामखिळीवर इलाज आहेत: पोडोफायलोटॉक्सिन किंवा इमिक्विमोडचं मलम, द्रव नायट्रोजननं गोठवणं, विजेच्या सुईनं किंवा लेझरनं जाळणं. औषध उंचवटा काढतं, विषाणू नव्हे, म्हणून पहिल्या काही महिन्यांत ती परत उगवू शकते. बहुतेकांच्या शरीराची प्रतिकारशक्ती कालांतराने विषाणूला आवरते.

इथंच घरं मोडायची वेळ येते. संसर्ग झाल्यावर चामखीळ दिसायला काही आठवडे ते कित्येक महिने लागतात, कधी वर्षाहूनही जास्त. त्यामुळे आज दिसली म्हणजे नवरा किंवा बायको आत्ताच बाहेर गेली, असा निष्कर्ष काढता येत नाही. कातडीला कातडी लागूनही विषाणू पसरतो, त्यामुळे निरोधने धोका कमी होतो, संपत नाही. जोडीदाराची तपासणी करून घ्या. जोडीदार स्त्री असेल तर तिशीनंतरची गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी चुकवू नये.

६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांवर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ला २०२२ मध्ये मान्यता मिळाली, आणि ती ९ ते २६ वयाच्या मुलींप्रमाणे मुलांसाठीही आहे. आधीच आलेली चामखीळ तिनं जात नाही, म्हणून ती शरीरसंबंध सुरू होण्याआधी घेणं उत्तम.

खासगीत परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या त्वचा व गुप्तरोग विभागात जा. सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी मोफत असते, आणि चामखीळ निघाली तर त्याच वेळी एचआयव्ही व सिफिलिसची रक्ततपासणीही करून घ्या. आधी फोनवर बोलायचं असेल तर १०९७ हा सरकारी एड्स हेल्पलाइनचा टोल फ्री क्रमांक आहे.