‘इन्कॉग्निटो’त उघडले म्हणजे कोणालाच कळत नाही?

धरमपेठेपासून नंदनवनपर्यंत नागपुरातील पालकांच्या ग्रुपवर एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो: ब्राउझरच्या इन्कॉग्निटो, म्हणजे हिस्ट्री न ठेवणाऱ्या, खिडकीत मुले काय पाहतात, हे कोणालाच कळू शकत नाही.

हा समज स्वाभाविक आहे, कारण ती खिडकी बंद केल्यावर हिस्ट्री खरोखरच रिकामी दिसते. मात्र पुसली जाते ती त्या फोनवरची नोंद, म्हणजे हिस्ट्री, कुकीज (साइटने फोनवर ठेवलेल्या छोट्या नोंदी) आणि फॉर्ममध्ये भरलेली माहिती. साइट उघडण्याची मागणी इंटरनेट कंपनीमार्फतच जाते, त्यामुळे कोणती साइट उघडली हे तिला आणि शाळेचे वाय-फाय असल्यास ते चालवणाऱ्यांना सहसा कळू शकते. शिवाय मुलाने लॉग-इन केले, तर त्या साइटला ते कोणाचे खाते आहे हेही कळते.

पडताळणी घरीच करता येते. साध्या आणि इन्कॉग्निटो खिडकीत ‘माझा आयपी पत्ता’ (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) शोधून पाहावा. व्हीपीएन (हा पत्ता लपवणारी सेवा) नसेल तर एरवी दोन्हीकडे एकच पत्ता दिसतो, म्हणजे इन्कॉग्निटो तो लपवत नाही. इन्कॉग्निटोत एखादे चित्र डाउनलोड करून खिडकी बंद केली, तरी ते फोनमध्ये राहते.

दुसरी बाजू पालकांसाठी अधिक महत्त्वाची वाटते. हिस्ट्री कोरी असणे हा मुलाने काही पाहिले नसल्याचा पुरावा नव्हे, तसा तो लपवाछपवीचाही नव्हे, कारण नोंदी हाताने पुसता येतात किंवा पाहणे ॲपमध्येही झालेले असू शकते. अँड्रॉइड फोनवर पालकांच्या देखरेखीखालील गूगल खाते असल्यास क्रोममध्ये इन्कॉग्निटो मिळत नाही. मात्र इतर ब्राउझर स्वतंत्रपणे तपासावे लागतात.