अल्पाकाची पारख: एका तुटलेल्या परंपरेची पार्श्वभूमी

अल्पाका हा दक्षिण अमेरिकेतला, उंटाच्या कुळातला लोकरीचा प्राणी. पैदाशीसाठी त्याचा नर निवडताना आज जबडा, पाय, पाठ आणि वृषणे तपासतात, लोकर बोटांनी फाकवून बघतात आणि कुशीवरचा चिमूटभर नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. तंतूची जाडी, ती किती कमीजास्त होते आणि राठ केस किती, हे सगळे आकड्यांत हाती येते. ही पद्धत आधुनिक असली, तरी ज्या गुणांच्या मागे आपण आहोत ते अँडीज पर्वतातल्या पशुपालकांनी फार पूर्वीच साधले होते.

दक्षिण पेरूतल्या एल याराल इथे घरांच्या जमिनीखाली बळी देऊन पुरलेले अल्पाका आणि त्याच कुळातले, ओझी वाहणारे लामा हे प्राणी सापडले. कोरड्या हवेत ते सुमारे हजार वर्षे कातडी-लोकरीसकट टिकून राहिले होते. पुरातत्त्वज्ञ जेन व्हीलर आणि सहकाऱ्यांनी ती लोकर मोजली. त्यातल्या सर्वांत तलम अल्पाकांच्या तंतूची सरासरी जाडी १८ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास भरली. मला त्याहून मोलाचा वाटतो तो तिचा एकसारखेपणा. नुसती तलम लोकर एखाद्या जनावरात योगायोगानेही मिळते. एकसारखी लोकर पिढ्यानपिढ्या जाणतेपणी जोड्या लावल्याशिवाय येत नाही.

पुढे इंका राजवटीने कळप रंगानुसार वेगळे ठेवले आणि क्विपूच्या, म्हणजे हिशेबाच्या दोऱ्यांच्या, गाठींत त्यांची मोजदाद राखली. १५३२ मध्ये स्पॅनिश आले आणि ही घडी विस्कटली. कळप मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले, कुरणांत मेंढ्या शिरल्या, उरलेली जनावरे उंच, उजाड पठारांवर ढकलली गेली. अल्पाका आणि लामा यांचा संकर बेसुमार झाला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने अल्पाकाचा पूर्वज विकुन्या हा अँडीजमधला रानटी प्राणी असल्याचे दाखवले, तसेच आजच्या अल्पाकांत लामाचे रक्त किती खोल मुरले आहे तेही. राठ केसांवर आज जी बारीक नजर असते, तिच्यामागे ही सरमिसळही आहे.

युरोपात या लोकरीला खरा भाव आला तो टायटस सॉल्ट या इंग्रज गिरणीमालकामुळे. १८३६ च्या सुमारास लिव्हरपूलमध्ये पडून असलेल्या गासड्या त्याने उचलल्या आणि १८५३ मध्ये इंग्लंडमधल्या सॉल्टेअर इथे गिरणी उघडली. पुढे गिरण्यांना रंगवायला सोपी म्हणून पांढरी लोकर हवी होती. पेरूच्या कळपांत पांढरा रंग वरचढ झाला, काळ्या-तपकिरी-करड्या छटा मागे पडल्या. हे नुकसान अजून भरून निघालेले नाही.

चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याने १८५८ मध्ये अल्पाका आणि त्यांच्या कुळातली अडीचशेहून अधिक जनावरे सिडनीला नेली, पण तो प्रयोग टिकला नाही. विसाव्या शतकात पेरूच्या माकुसानी भागात हुलिओ बार्रेदा या पशुपालकाने आपल्या आकोयो नावाच्या कळपात दाट, तलम लोकरीसाठी चिकाटीने निवड केली. १९८० च्या दशकात अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात आयात वाढली तेव्हा जनावरांचे दर आभाळाला भिडले. मग वंशावळ नोंदणी आली, रक्त आणि पुढे डीएनए तपासून पालकत्वाची खातरजमा होऊ लागली, प्रदर्शनांत गुण मिळू लागले.

पण लोकरीच्या एका अहवालावर भिस्त ठेवणे धोक्याचे. वयाबरोबर तंतू जाड होतो. उपाशी जनावराची लोकर तलम भरते, भरपूर चारा मिळालेल्याची जाड. पहिल्या कातरणीचा आकडा म्हणूनच हुरळून टाकतो. शिवाय मादी साडेअकरा महिने गाभण राहते आणि बहुधा एकच पिल्लू देते, त्यामुळे चुकीचा नर निवडल्याचे कळेपर्यंत काही वर्षे निघून जातात. यावर उतारा म्हणून ऑस्ट्रेलियात नातलगांच्या आणि संततीच्या नोंदी एकत्र करून अंदाजित पैदास मूल्य काढू लागले. त्यात चाऱ्याचा आणि वयाचा परिणाम बाजूला काढून जनावर पुढच्या पिढीला काय देईल तेवढेच अजमावले जाते.