गाठ नसलेली शिवण

सांगलीच्या मार्केट यार्डात शेतकऱ्याकडून आलेलं पोतं दाभणाने आणि सुतळीने शिवलेलं असतं, ते उघडायला विळा किंवा कात्री लागते. मशीनवर शिवलेल्या पोत्याला ती लागत नाही. जाणता हमाल शिवणीच्या एका टोकाचा दोरा धरून ओढतो आणि सगळं तोंड एका दमात उसवून मोकळं होतं. तोच दोरा दुसऱ्या टोकाने ओढला तर जागचा हलत नाही, उलट आवळत जातो. दोरा एकच, शिवण एकच, तरी एका बाजूने मोकळी आणि दुसऱ्या बाजूने पक्की.

घरच्या शिलाई मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून, आणि कापडाच्या आत दोघं एकमेकांना अडकतात. पोत्याच्या मशीनला बॉबिनच नसतो. सुई दोरा घेऊन खाली जाते, तिथे दोऱ्याचा छोटा फास तयार होतो आणि ‘लूपर’ नावाचं वाकडं पोलादी बोट तो फास धरून ठेवतं. दाते कापड पुढे सरकवतात, सुई पुन्हा खाली येते आणि नवा फास जुन्या फासातून ओवला जातो. हाच एकेरी साखळी टाका, म्हणजे सरकफासांची रांग: प्रत्येक फास पुढच्या फासाने धरलेला, फक्त शेवटचा मोकळा. शेवटचं टोक ओढलं की तो मोकळा फास आधीच्या फासातून निसटतो, मग त्याच्या आधीचा, आणि ही पळापळ थेट सुरुवातीपर्यंत जाते. सुरुवातीचं टोक ओढलं तर पहिलाच फास आवळतो आणि वाट बंद होते.

गणितात गाठींचा अभ्यास करणारी स्वतंत्र शाखा आहे. तिच्या नजरेने पाहिलं तर एकेरी साखळी टाक्याच्या अख्ख्या शिवणीत एकही गाठ नाही. कितीही लांब शिवण असो, तो सरळ दोराच आहे, नुसता वळसे घेऊन बसलेला. क्रोशाची साखळी आणि सुयांवरचं विणकाम याच कुळातलं. म्हणून स्वेटरचा एक धागा सुटला की ओळच्या ओळ पळते.

उसवायचं टोक कोणतं, हे ओळखता येतं. पोत्याच्या ज्या बाजूला साखळी दिसते ती पाहा. प्रत्येक फासाचं निमुळतं टोक सुरुवातीकडे असतं आणि गोल टोक शेवटाकडे. गोल टोकं ज्या दिशेला पाहतात, त्या टोकापासून ओढायचं. पोतं संपल्यावरही मशीन दोन-चार बोटं नुसती साखळी घालत जाते. ते शेपूट वाया गेलेला दोरा नाही: शिवण आपोआप उसवायची झाली, तर आधी ते उसवावं लागतं.

साखराळ्यापासून रेठऱ्यापर्यंतच्या साखर कारखान्यांत गाळपाच्या हंगामात पोती एकामागून एक येत राहतात. पोत्याचं तोंड साधारण ६० सेंटीमीटर धरलं, तर एकेरी साखळी टाक्याला त्याच्या चौपट, म्हणजे सुमारे २.४ मीटर दोरा लागतो. बॉबिनवाल्या टाक्याला शिवणीच्या अडीचपट पुरतो, पण त्यातला निम्म्याच्या आसपास बॉबिनमधून येतो, आणि पोत्याच्या जाड दोऱ्याने बॉबिन थोड्याच पोत्यांत रिकामा होतो. साखळी टाका दोरा जास्त खातो, मात्र थेट कोनवरून, म्हणजे दोऱ्याच्या मोठ्या रिळावरून खातो, आणि कोन संपेपर्यंत थांबत नाही.

पोत्याला साखळी टाकाच का, याचं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पोतं ट्रकमधून खाली टाकलं की आतला माल तोंडाकडे धावतो आणि शिवण ताणली जाते. साखळीच्या फासांत चौपट दोरा साठलेला असल्यामुळे ती थोडी लांबते आणि धक्का पचवते. बॉबिनच्या टाक्यात एवढा राखीव दोरा नसतो. म्हणजे साखळी टाका कच्चा, हा आपल्याकडचा सर्रास समज अर्धाच खरा आहे. तो ताणाला चांगला आहे, सुटलेल्या टोकाला वाईट. सुटण्याची भीती कमी करण्यासाठी दोन दोऱ्यांची साखळी आली. तिच्यात सुईचा फास लूपरच्या स्वतःच्या दोऱ्याने अडवला जातो. आंतरराष्ट्रीय यादीत एकेरी साखळीचा क्रमांक १०१, दुहेरीचा ४०१ आणि घरच्या टाक्याचा ३०१. दुहेरी साखळीला शिवणीच्या सुमारे साडेपाचपट दोरा लागतो.

साखळी टाका यंत्राच्या फार आधीचा. लग्नसराईत सांगलीत ज्या आरी वर्कच्या ब्लाउजांना मागणी असते, ते काम हाच टाका आहे. आकडीची सुई कापडातून खाली जाते, दोऱ्याचा फास वर आणते आणि आधीच्या फासातून काढते. फ्रान्समधल्या बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने अशाच आकडीच्या सुईचं यंत्र बनवलं आणि १८३० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पॅरिसमध्ये त्याच्या सुमारे ८० यंत्रांवर सैन्याचे गणवेश शिवले जात होते. पोट जाईल या भीतीने १८३१ मध्ये शिंप्यांच्या जमावाने ती फोडून टाकली. तिमोनिए १८५७ मध्ये गरिबीत वारला.

त्याच वर्षी, २ जून १८५७ ला, अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या जेम्स गिब्स या शेतकऱ्याला साखळी टाक्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं. त्याने शिलाई यंत्राचं नुसतं चित्र पाहिलं होतं, आणि चित्रात फक्त वरचा भाग होता. खाली काय चालत असेल, याचा त्याने आपल्या डोक्याने विचार केला आणि फिरता लूपर शोधून काढला. झाकलेल्या भागाचं काम दिसणाऱ्या भागावरून ओळखणं, हे प्रत्येक मेकॅनिकला रोज करावं लागतं. त्यामुळे गिब्सबद्दल मला विशेष आदर आहे. पुढे शिकागोच्या युनियन स्पेशल कंपनीने पोत्यांपासून जीन्सपर्यंत साखळी टाक्याची औद्योगिक यंत्रं बनवली. जीन्सच्या पायाची कड दुमडून शिवणारं तिचं ४३२००जी हे मॉडेल आज हौशी लोक जगभर शोधत फिरतात.

कारण मजेशीर आहे. त्या मशीनवर शिवलेली दुमड काही धुण्यांनंतर दोरीसारखे तिरपे पीळ दाखवू लागते. खालचे दाते खालचा थर ओढतात, वरचा थर दाबणाऱ्या पायाखाली किंचित मागे राहतो, त्यामुळे दुमड तिरकी शिवली जाते. धुतल्यावर कापड आटलं की तो तिरकेपणा उठून दिसतो आणि उंचवट्यांवरचा निळा रंग आधी झिजतो. शिवणशास्त्राच्या हिशेबात हा दोष. जीन्सच्या शौकिनांना तोच हवा असतो.

आता जुन्या मशीनकडे. अशी यंत्रं भंगारात किलोच्या भावाने जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण बहुतेकांचं काहीही मोडलेलं नसतं. त्यांचा मेळ गेलेला असतो. तो काय, हे कळायला फास कसा जन्मतो ते पाहायला हवं.

सुईला एका बाजूने लांब खोबण असते. खाली जाताना त्या बाजूचा दोरा खोबणीत लपतो. दुसऱ्या बाजूला लांब खोबण नसते, त्यामुळे तिथला दोरा कापडाला घासत राहतो. सुई तळाला पोहोचून वर निघाली की खोबणीतला दोरा तिच्याबरोबर सहज वर येतो, पण घासणारा दोरा कापडात अडकून मागे राहतो आणि बाहेर फुगतो. नेफ्यात नाडी मागे ढकलली की ती जशी फुगते, तसाच. सुई तळापासून साधारण दोन-तीन मिलिमीटर वर आली की फुगा पुरेसा मोठा होतो, आणि नेमक्या त्या क्षणी लूपरचं टोक तिथून गेलं पाहिजे. तेसुद्धा सुईला जवळजवळ चाटून: मधली फट कागदाच्या जाडीची, म्हणजे ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून कमी. लूपर लवकर आला तर फास झालेला नसतो, उशिरा आला तर तो कोलमडलेला असतो. दोन्ही वेळा टाका सुटतो, आणि एकेरी साखळीत सुटलेला टाका म्हणजे पुढची वाट उघडी.

म्हणून मशीन टाके सोडते अशी तक्रार आली की लूपरला हात लावण्याआधी सुई पाहावी. ती उलटी बसली असेल, तर लांब खोबण लूपरच्या बाजूला येते आणि फासच होत नाही. वाकडी सुईही तोच त्रास देते. सुईचा क्रमांकही बघावा. २०० क्रमांकाची सुई म्हणजे २ मिलिमीटर जाडीची. पोत्याच्या मशीनला अशी जाड सुई लागते, आणि तिच्या जागी बारीक सुई बसवली तर फट आपोआप वाढते.

जाम झालेल्या मशीनचा गुन्हेगार बहुधा तेल असतो. मशीनचं तेल संपलं म्हणून घरातलं घालायची सवय आपल्याकडे जुनी आहे. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली गोठतं. सांगलीत थंडीच्या सकाळी पारा त्याच्या बराच खाली असतो. करडईचं तेल त्याहून वाईट. त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं, त्याचे दुहेरी बंध हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतात, रेणू एकमेकांना सांधले जातात आणि वर्षभरात तेलाचं पिवळट रोगण होतं. त्यात हळदीची किंवा तागाची धूळ मिसळली की तेलाची भोकं कायमची बुजतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागातली कित्येक दुकानं पाण्यात होती. अशा पाण्यातून निघालेल्या मशीनच्या तेलवाटांत नदीचा गाळ बसलेला असतो. तो काढल्याशिवाय तेल घालणं म्हणजे गाळाचंच वंगण करणं.

उपाय संयमाचा आहे. सांध्यांत रॉकेल किंवा डिझेल सोडायचं, एक-दोन दिवस मुरू द्यायचं, हाताने चाक थोडं मागेपुढे हलवायचं, पुन्हा सोडायचं. हातोडी नको. यंत्राचं धड बिडाचं असतं. त्यातला कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो, त्यामुळे बीड कंप छान शोषतं, पण ठोक्याने वाकत नाही, तडकतं. सगळे सांधे सुटले की जुनी घाण पुसून बारीक पांढरं मशीन ऑइल घालावं. जुन्या सोनेरी नक्षीवर स्पिरिट फिरवू नये: तिच्यावर लाखेचा थर असेल, तर तो स्पिरिटमध्ये विरघळतो. मशीन पूर्ण घासून नव्याने रंगवणं मला पसंत नाही. रंगाने टाका सुधारत नाही, आणि घासताना धूळ बेअरिंगमध्ये जाते.

लूपरचं टोक मात्र नीट तपासावं. अनेक वर्षं दोरा एकाच जागी घासून कठीण पोलादातही बारीक चर पडतो. चर उथळ असेल, तर तेलात भिजवलेल्या बारीक दगडाने हलकेच काढता येतो. जास्त घासलं की टोक आखूड होतं आणि मेळ बिघडतो; मग नवा लूपरच लागतो. स्क्रूचं दुखणं वेगळं. जुन्या शिलाई यंत्रांचे आटे कंपन्यांच्या स्वतःच्या मापांचे असतात, बाजारातला मेट्रिक स्क्रू जबरदस्तीने घातला की बिडातले आटे कायमचे जातात. हरवलेला स्क्रू कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर करून घेणं परवडतं, फक्त नमुन्यासाठी त्याच मशीनचा दुसरा स्क्रू बरोबर न्यावा.

राहिली मोटर. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दोन ध्रुवांची मोटर मिनिटाला ३००० च्या किंचित खाली फिरते, चार ध्रुवांची १५०० च्या खाली. अमेरिकेतून आलेलं यंत्र ६० हर्ट्झच्या हिशेबाने पुली लावून आलेलं असेल, तर इथे तीच पुली एक षष्ठांश हळू चालवेल. पोत्यासाठी हळूच बरं. कपड्यांच्या कारखान्यात मिनिटाला काही हजार टाक्यांच्या वेगाने चालणारी सुई २०० अंश सेल्सियसच्या पुढे तापू शकते, आणि हल्लीची प्लास्टिकची पोती ज्या पॉलिप्रॉपिलीनची असतात, ते १६५ अंशांच्या आसपास वितळतं. वितळलेला थर सुईच्या नेढ्यात चिकटला की दोरा तुटतो, आणि माणूस विनाकारण लूपर सोडवत बसतो. जुनी क्लच मोटर सतत फिरत राहते. तिच्या जागी सर्व्हो मोटर लावली, तर पाय दाबल्यावरच वीज लागते आणि वेग अगदी रांगता ठेवता येतो. जुन्या मशीनसोबत शिकणाऱ्याला हा रांगता वेग फार उपयोगी पडतो, कारण फास तयार होताना डोळ्यांनी दिसतो.

पट्टा चढवण्याआधी मशीन हाताने फिरवून गोणपाटाच्या दुहेरी तुकड्यावर वीतभर शिवून पाहावं. साखळीचे फास एकसारखे आले, सुरुवातीचं टोक ओढल्यावर आवळलं आणि शेवटचं ओढल्यावर न अडखळता सरसर उसवलं, तर मेळ बसला. मधेच उसवणं अडलं, तर त्या जागी सुईने फास चुकवून दोऱ्यालाच भोसकलं आहे. तेव्हा सुई-लूपरमधली फट पुन्हा मोजायची.