पापारुदा: पावसासाठी पानांत मढलेली मुलगी

रोमानियात पावसाने ओढ दिली की खेड्यातल्या एका लहान मुलीला हिरव्या पाल्याने मढवत. ती दारोदार नाचत जाई, सोबतच्या मुली गात आणि घरातल्या बायका तिच्यावर पाणी ओतत. हीच पापारुदा. अंगाला कडुलिंब बांधून ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत फिरणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांच्या डोळ्यांपुढे हे चित्र लगेच उभे राहील. दोन्हींचे मूळ एक, असे मात्र यावरून म्हणता येत नाही. असा विधी सर्बिया आणि बल्गेरियातही होता. तो बाल्कन भागातल्या शेतकऱ्यांचा.

18व्या शतकाच्या आरंभी मोल्डाव्हियाचा (याचा काही भाग आज रोमानियात आहे) राजा दिमित्रिए कांतेमिर याने तो लॅटिनमध्ये नोंदवला. दहा वर्षांच्या आतली मुलगी, पानांचा सदरा, थंड पाणी ओतणाऱ्या म्हाताऱ्या, हे सगळे त्यात आहे. पुढे विसाव्या शतकापर्यंत हे काम बहुतांशी रोमा, म्हणजे मूळच्या भारतातून युरोपात गेलेल्या समाजातल्या, मुलींकडे आले. गाव पाणी ओतायचे आणि पीठ, अंडी, चार नाणी द्यायचे. हळूहळू शेतकऱ्यांचा हा विधी ‘रोमांची अंधश्रद्धा’ म्हणून ओळखला जाऊ लागला. ही ओळख मला अन्यायाची वाटते.

रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले. रोमानी भाषेत आजही पाण्याला ‘पानी’ म्हणतात आणि कानाला ‘कान’. वालाकियात, म्हणजे आजच्या रोमानियाच्या दक्षिण भागात, त्यांचा पहिला लेखी उल्लेख 1385 चा आहे, आणि तो दानपत्रातला: तिस्माना मठाला जमिनीबरोबर चाळीस रोमा कुटुंबेही दिली गेली. पुढची जवळपास पाचशे वर्षे ते राजाचे, मठांचे किंवा सरदारांचे गुलाम होते. आईबाप गुलाम म्हणून मूलही गुलाम, विकता येणारे. मोल्डाव्हियात ही गुलामी डिसेंबर 1855 मध्ये संपली, वालाकियात फेब्रुवारी 1856 मध्ये. खासगी मालकांना नुकसानभरपाई मिळाली. सुटलेल्यांना त्या कायद्यांनी जमीन दिली नाही. म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर पाऊस पडावा म्हणून ज्या मुली भिजत होत्या, त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या घरी स्वतःचे शेत नव्हते.

1942 मध्ये रोमानियाचा हुकूमशहा आंतोनेस्कू याच्या राजवटीने सुमारे 25,000 रोमांना ट्रान्सनिस्ट्रियात, म्हणजे तेव्हा रोमानियाच्या ताब्यात असलेल्या नीस्टर नदीपलीकडच्या प्रदेशात, हाकलले. भूक, थंडी आणि टायफसने त्यांतले हजारो मेले. गुलामीतून सुटकेचा दिवस म्हणून 20 फेब्रुवारीला रोमानियात कायद्याने मान्यता मिळाली, ती 2011 मध्ये.