काळजी वाटणं वेगळं, झळ बसणं वेगळं

‘हवामान बदलाचा धोका’ म्हणताना आपण एका शब्दात दोन गोष्टी कोंबतो. लोकांना धोका किती वाटतो ही एक आणि देशाला खरोखर किती झळ बसणार ही दुसरी. मग सर्रास पहिलीवरून दुसरी ठरवली जाते.

बांगलादेशाचंच बघा. २००७-०८ मध्ये गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने शंभरावर देशांत विचारलं, हवामान बदलाबद्दल तुम्हाला किती माहिती आहे? अमेरिका, जपानमध्ये ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी ते ऐकलेलं होतं. बांगलादेशात, आणि आपल्याकडेही, ६५ टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या ते कानावरही आलं नव्हतं. त्याच सुमाराला, १५ नोव्हेंबर २००७ ला, ‘सिडर’ चक्रीवादळ बांगलादेशावर आदळलं.

म्हणजे तिथल्या लोकांना काही कळत नव्हतं? असं म्हणणं मला फार अन्यायाचं वाटतं. बांगलादेशाच्या किनारपट्टीवरच्या खुलना-सातखिऱ्याकडच्या बाईला तळ्यात ‘नोना पानी’, म्हणजे खारं पाणी, शिरल्याचं पक्कं ठाऊक असतं. गोड्या पाण्यासाठी रोज लांबवर कळशी तीच वाहते. तिच्याकडे अनुभव आहे, पाहणीतला शब्द तेवढा नाही. शिवाय त्याच पाहणीत, ज्यांनी हवामान बदलाबद्दल ऐकलं होतं त्यांच्यापैकी विकसनशील देशांतले लोकच बहुधा जास्त धास्तावलेले निघाले. जाणिवेचा आकडा वाचताना प्रश्न कुठल्या शब्दांत विचारला होता, ते आधी बघावं.

असुरक्षिततेचा, म्हणजे खरोखर किती झळ बसेल याचा, हिशेब निराळा. संकटाच्या वाटेत किती माणसं राहतात, त्यांचं पोट कशावर आहे, सावरायला हाताशी काय आहे, हे त्यात येतं. नेदरलँड्सची सुमारे पाव जमीन समुद्रसपाटीखाली आहे. १९५३ च्या पुरात तिथे १,८३६ माणसं गेली. मग त्यांनी बांध उंचावले, लाटा अडवणारे दरवाजे उभारले. जमीन आजही खालीच आहे, पण त्या पुरासारखा घात पुन्हा झालेला नाही.

बांगलादेशाकडे तेवढा पैसा नव्हता. १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान ३ लाख माणसं मेली, १९९१ मध्ये सुमारे १ लाख ३८ हजार, सिडरमध्ये साधारण ३,४००. सिडर काही लहान वादळ नव्हतं. आकडा उतरला तो पक्क्या निवाऱ्यांमुळे आणि १९७२ पासून गावोगाव उभ्या राहिलेल्या स्वयंसेवकांमुळे. इशारा वाढला की ते काठीवर एकाचे दोन, दोनाचे तीन झेंडे चढवतात आणि हातातला भोंगा वाजवत घरोघर फिरतात. जीव वाचतात, खारावलेलं शेत आणि उडालेलं छप्पर मात्र अजून ज्याचं त्यानेच निस्तरायचं असतं.

लोकांना निवाऱ्यात आणण्यात एक अडचण होती. दावणीची गाय मागे टाकून शेतकरी निवाऱ्यात यायला तयार नसायचा. ही त्याची बेफिकिरी नव्हती, गाय गेली की घर बसतं. म्हणून गुरांसाठी मातीचे उंच चौथरे बांधले गेले. तिकडे त्यांना ‘किल्ला’ म्हणतात.