नायट्रो आणि पीयू: थर वाळतो कसा?

बफिंग केलेल्या (घासून चमकवलेल्या) दोन इलेक्ट्रिक गिटार शेजारी टांगल्या, एकीवर नायट्रोचा थर, दुसरीवर पीयूचा (म्हणजे पॉलियुरेथेनचा), तर नुसतं बघून कोणती कुठली हे मलाही सांगता येईलच असं नाही. दोन्ही स्प्रे गनने मारतात, दोन्हींना सरसकट ‘लॅकर’ म्हणतात. (हा शब्द आपल्या लाखेवरून आला, पण या दोन्हींत लाख औषधालाही नसते.)

नायट्रो म्हणजे थिनरमध्ये विरघळवलेलं नायट्रोसेल्युलोज. थिनर उडालं की उरतो तो थर, बाकी रासायनिक काहीच घडत नाही. म्हणून पुढचा कोट मारला की त्यातलं थिनर खालचा थर थोडा विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात. दहा कोट मारा, शेवटी पापुद्रा एकच. टू-पॅक, म्हणजे दोन भागांच्या, पीयूत मात्र हार्डनर (घट्ट करणारा दुसरा भाग) मिसळायचा असतो. रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि एकदा घट्ट झालेला थर थिनरला दाद देत नाही. नवा कोट जुन्यावर नुसता बसतो, त्यामुळे मधे घासून पृष्ठभाग खरबरीत करावा लागतो. शेवटच्या घासणीत वरचा कोट कुठे आरपार गेला, तर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखी कड उमटते. ती बफिंगने जात नाही. पुन्हा पूर्ण कोट मारायचा.

टवका उडाल्यावर हाच फरक समोर येतो. नायट्रोवर टूथपिकच्या टोकाने एकेक थेंब सोडायचा, वाळू द्यायचा, पुन्हा सोडायचा. थेंब आजूबाजूच्या थरात मिसळतो, मग सपाट घासला की जागा सापडत नाही. पीयूत सुपरग्लू भरून घासतात, पण तिरप्या उजेडात डाग बरेचदा कळतोच.

वाट पाहण्यात नायट्रो जीव काढतो. हाताला कोरडा लागला तरी थर आकसत, बसतच राहतो. बफिंगआधी तीन-चार आठवडे टांगून ठेवावा लागतो. गंमत म्हणजे १९२० च्या दशकात ड्यूपाँटचा ‘ड्यूको’ हा नायट्रोचाच रंग मोटारींवर आला, तो लवकर वाळतो म्हणूनच! पुढे फेंडर या गिटार कंपनीनेही मोटारींचेच रंग उचलले. ‘लेक प्लॅसिड ब्लू’ मूळचा कॅडिलॅकचा. साठच्या दशकाच्या अखेरीस फेंडर जाड पॉलिएस्टरकडे (पीयूसारखाच न विरघळणारा थर) वळली, दुसरी गिटार कंपनी गिब्सन नायट्रोवरच राहिली.

नायट्रो पिवळा पडतो, अचानक थंडी लागली की तडकतो, आणि रबराशी त्याचं हाडवैर. माझ्या पहिल्या गिटारच्या पाठीवर स्टँडच्या रबराचे दोन मऊ, चिकट डाग अजून आहेत. पीयू असता तर बहुधा काही झालं नसतं.

आणि आवाज? सॉलिड बॉडीत (भरीव लाकडाच्या गिटारीत) तारांखालचा पिकअप तारांची हालचाल टिपतो, थराचा रसायनप्रकार नाही. पातळ मारलेला पीयू जाड नायट्रोपेक्षा वाईट वाजतो, हे मला तरी कधी ऐकू आलेलं नाही.

मारताना मात्र दोन्ही जपून: नायट्रोचं थिनर भडका घेतं, पीयूच्या हार्डनरमधली आयसोसायनेटं फुप्फुसांना घातक. त्यासाठी साधा धुळीचा मास्क पुरत नाही.

जुन्या गिटारवर काय आहे कळत नसेल, तर पिकअपच्या खाचेत उडालेल्या फवाऱ्यावर अॅसिटोनचा बोळा लावा. चिकट झालं तर थिनर उडून वाळणारा थर, बहुधा नायट्रो. ढिम्म राहिलं तर पीयू किंवा पॉलिएस्टर. बाहेरच्या बाजूला बोळा लावू नका.