हळू गाण्याचा टेम्पो 143.6 कसा काय आला?

परवा रेडिओवरच्या एका लाइव्ह सेशनचं रेकॉर्डिंग ऐकत होतो. जेमतेम 50 सेकंदांचं, एक गिटार, एक आवाज आणि शेवटी निवेदक मध्येच तोंड घालतो. खाली सॉफ्टवेअरने काढलेली माहिती होती: टेम्पो 143.6 बीपीएम (म्हणजे मिनिटाला इतके ठोके), की म्हणजे पट्टी ए मायनर, लाइव्हनेस 0.12. आता गाणं इतकं संथ की पायाने ठेका धरला तर मिनिटाला 72 च्या आसपास पडतो, आणि लाइव्ह असून लाइव्हनेस जवळपास शून्य!

आधी टेम्पो, कारण त्यातली युक्ती मला फारच आवडते. सॉफ्टवेअरला ठेका वगैरे काही कळत नाही, ते फक्त आवाज कुठे अचानक उसळला ते बघतं, तार छेडली की एक टोक, ड्रम वाजला की एक टोक. असा टोकाटोकांचा आलेख तयार झाला की त्याचीच कॉपी त्याच्यावर ठेवायची आणि हळूहळू बाजूला सरकवत न्यायची, ट्रेसिंग पेपर सरकवतो तशी. अर्धा सेकंद सरकवल्यावर टोकं टोकांवर बरोब्बर बसली तर ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे 120 बीपीएम. याला ऑटोकोरिलेशन म्हणतात. पण जे अर्ध्या सेकंदाला जुळलं ते पूर्ण सेकंदालाही जुळणारच, दीडलाही जुळणार, मग खरा ठोका कुठला? गणित गप्प बसतं. म्हणून बरेच प्रोग्रॅम 120 च्या जवळचा आकडा उचलतात, कारण माणसांचा ठेकाही साधारण तिथेच रमतो. आमचा गिटारवाला एका ठोक्यात दोनदा हात मारतो, एकदा खाली एकदा वर, सॉफ्टवेअरने प्रत्येक फटका मोजला आणि 72 चे 144 झाले.

आणि ते पॉइंट सहा? थोडं गणित आहे, सहन करा. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये आवाजाची पातळी बहुधा सेकंदाला 44100 वेळा टिपलेली असते, त्या प्रत्येक नोंदीला नमुना म्हणतात, आणि प्रोग्रॅम बहुधा 512 नमुन्यांची उडी मारत पुढे जातो, म्हणजे सेकंदाला साधारण 86 उड्या. 120 बीपीएमचा एक ठोका म्हणजे 43 उड्या. चुकून 44 मोजल्या की उत्तर थेट 117.5! मधलं काही मिळतच नाही, मिळालं तर ते अंदाजाने भरलेलं. आठ ठोक्यांचं अंतर एकदम मोजलं तर हीच चूक आठपट लहान होते, पण त्यासाठी लांब आणि एका लयीत वाजवलेलं रेकॉर्डिंग लागतं. इथे 50 सेकंद, त्यात निवेदकाची बडबड, आणि क्लिक ट्रॅकशिवाय, म्हणजे कानात ठेक्याची टिकटिक न घेता वाजवणारा माणूस कडव्याकडून ध्रुवपदाकडे जाताना थोडा पळतोच. त्यामुळे दशांश चिन्हानंतरचं मनावर घेऊ नका.

पट्टी काढायची पद्धत सोपी आहे. सगळ्या सप्तकांतले सूर बारा डब्यांत गोळा करायचे आणि कुठला डबा किती भरला ते 24 ठरलेल्या साच्यांशी (बारा मेजर, बारा मायनर) ताडून बघायचं. सी मेजर आणि ए मायनरचे सात सूर तेच असतात, फरक फक्त गाणं कुठे विसावतं त्याचा, आणि तुकडा विसाव्याच्या आधीच कापलेला असेल तर नाणेफेकच की.

पट्टीवरून आठवलं, ए हा सूर 440 ऐवजी 432 हर्ट्झवर लावला की विश्वाशी नातं जुळतं असं सांगणारे खूप आहेत. अहो, हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं, आणि सेकंद माणसानेच ठरवलाय, विश्वाला त्याचं काय! 440 सुद्धा काही पवित्र नाही, सगळ्यांची वाद्यं जुळावीत म्हणून मान्य केलेला आकडा आहे.

रेडिओची स्वतःची खूण मात्र स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठल्या कंपनसंख्येला किती आवाज आहे त्या आलेखात दिसते. एफएम स्टीरिओत 19 किलोहर्ट्झवर पायलट टोन असतो, म्हणजे प्रसारण स्टीरिओ आहे हे रेडिओला सांगणारा एक सूर, त्याला धक्का लागू नये म्हणून आवाज 15 किलोहर्ट्झच्या आसपास छाटतात, आलेखात तिथे भिंतच उभी दिसते. शिवाय स्टेशनचे कॉम्प्रेसर आणि लिमिटर मिळून हळू आवाज वर खेचतात आणि मोठा दाबतात, मग कुजबुजत गायलेलं गाणंही अशा सॉफ्टवेअरच्या एनर्जीच्या (गाणं किती जोरकस, त्याच्या) रकान्यात दणदणीत ठरू शकतं.

राहता राहिला लाइव्हनेस. स्पॉटिफायच्या व्याख्येनुसार हा आकडा रेकॉर्डिंगमध्ये प्रेक्षक ऐकू येतात का ते सांगतो, 0.8 च्या वर गेला तर लाइव्ह असण्याची दाट शक्यता. आमच्या स्टुडिओत गायक, गिटार आणि निवेदक. टाळ्या कोण वाजवणार?